साथ ओसरल्यावर पोहोचणारी लस

नायजेरियात मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या दाहाच्या, हंगामाची मोजणी १ ऑक्टोबरपासून धरतात. २०२३-२४ च्या हंगामात ११ मार्चपर्यंत तिथल्या सात राज्यांत १७४२ संशयित रुग्ण आणि १५३ मृत्यू नोंदले गेले. लसीकरण सुरू झालं २५ मार्चला. चार दिवसांत दहा लाखांहून जास्त लोकांना टोचायची ती मोहीम होती. मेनिंगोकॉकस या जीवाणूच्या 'ए', 'सी', 'डब्ल्यू', 'वाय' आणि 'एक्स' या पाच प्रकारांवर एकाच टोचणीत संरक्षण देणारी नवी लस त्या मोहिमेत जगात पहिल्यांदा वापरली गेली. ती लस आपल्या पुण्यात तयार झालेली. घटना ऐतिहासिक होती यात शंका नाही, आणि मलाही तिचा अभिमान वाटला. पण माझं मन ११ मार्च आणि २५ मार्च या दोन तारखांपाशीच अडलं. दीडशे माणसं, त्यांतली बरीचशी मुलं, लस पोहोचायच्या आधीच गेली होती. लस तेव्हा नव्हती असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता तिला जुलै २०२३ मध्येच मिळाली होती.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. आफ्रिकेत काम केलेलं नाही. पण हा आजार मी हाताने चाचपलेला आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मराठीत आपण सगळ्यालाच 'मेंदूज्वर' म्हणतो. जपानी मेंदूज्वर डासांमुळे होतो आणि सूज मेंदूलाच येते. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूवरच्या आवरणाचा दाह, आणि तो विषाणूंमुळे होतो तसा जीवाणूंमुळेही होतो. त्या जीवाणूंपैकी मेनिंगोकॉकस हा सर्वांत घाईचा. सकाळी कणकण, दुपारी उलट्या आणि डोकेदुखी, संध्याकाळी मान ताठ, आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत मूल गेलेलं, असं घडू शकतं. उपचार न मिळालेल्यांपैकी निम्मे दगावतात. वेळेवर अँटिबायोटिक मिळूनही दहातला एक जातो. वाचलेल्या दर पाचांपैकी एकाला काहीतरी कायमचं चिकटतं: बहिरेपणा, फिट्स, कधी हातापायाची बोटं गमावणं. अंगावर येणारे जांभळट ठिपके पाठ्यपुस्तकातल्या गोऱ्या कातडीवर ठळक दिसतात. आपल्या किंवा आफ्रिकी मुलांच्या कातडीवर ते शोधावे लागतात, तळहातावर, तळपायावर, टाळूवर, खालची पापणी ओढून.

मी निवासी डॉक्टर असताना एका रात्री चार वर्षांची मुलगी वॉर्डात आली. ताप, झापड, मान लाकडासारखी. निदानासाठी पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायचं होतं. वडील ऐकेनात. "डॉक्टर, पाठीतलं पाणी नका काढू. आमच्या गावात एकाचं काढलं, तो पांगळा झाला." ही भीती महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी वॉर्डाला ठाऊक आहे. मी समजावत होते आणि घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी आमच्या वॉर्डातल्या मावशी पुढे झाल्या. "दादा, त्यो पांगळा आजारानं झाला, सुईनं नाय. माझ्या नातवाचं काढलंय, शाळेत जातोय." त्यांनीच मुलीला कुशीवर घेऊन, गुडघे पोटाशी धरून, गोल वळवून धरलं. सुईतून थेंब थेंब पाणी आलं. निरोगी माणसाचं ते पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ असतं. हिचं तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं गढूळ होतं.

ती वाचली. आठवड्याने आई म्हणाली, हाक मारली की बघत नाही. तिची श्रवणशक्ती गेली होती. आणि कुठला जंतू होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण गावातल्या डॉक्टरांनी आधीच अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलेलं होतं, त्यामुळे प्रयोगशाळेत काहीच उगवलं नाही. त्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. इंजेक्शन दिलं म्हणूनच ती आमच्यापर्यंत जिवंत पोहोचली. फाइलवर 'बॅक्टेरियल मेनिंजायटिस' एवढंच लिहिलं गेलं. अशा कितीतरी फायली आपल्याकडे आहेत. 'आपल्याकडे मेनिंगोकॉकस फारसा नाही' हे वाक्य मी उच्चारते तेव्हा मला त्या आठवतात.

आफ्रिकेत पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत सहाराच्या खालच्या अंगाला एक पट्टा आहे. १९६३ साली लापेसॉनी नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरने त्याला 'मेनिंजायटिसचा पट्टा' म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. आज त्यात २६ देश धरले जातात. डिसेंबरमध्ये वाळवंटावरून हरमॅटन वाहू लागतो. कोरडा, धुळीने भरलेला वारा, दिवसा नाक-घसा सोलून काढणारा. रात्री थंडी पडते आणि माणसं एका खोलीत दाटीवाटीने झोपतात. मेनिंगोकॉकस एरवीही दहातल्या एकाच्या घशात मुकाट राहू शकतो. सोललेल्या घशातून तो रक्तात उतरतो. साथ जानेवारीत चढते, मार्च-एप्रिलमध्ये शिखर गाठते, आणि पहिला पाऊस पडला की काही दिवसांत बसते. आपण पावसाची वाट शेतासाठी पाहतो. त्या पट्ट्यातल्या आया मुलं वाचावीत म्हणून पाहतात.

१९९६-९७ ची साथ सर्वांत मोठी. अडीच लाख रुग्ण, २५ हजार मृत्यू. तेव्हाची लस जंतूच्या वेष्टणातल्या शर्करेपासून बनवलेली, साधी. दोन वर्षांखालच्या बाळांत ती नीट काम करत नसे, संरक्षण तीन ते पाच वर्षांचं, आणि मुख्य म्हणजे घशातला जंतू तिने जात नसे. टोचलेलं मूल स्वतः वाचे, पण जंतू घराघरांत फिरतच राही. म्हणून साथ आली की टोचायचं, पुढच्या साथीला पुन्हा टोचायचं, असा खेळ वर्षानुवर्षं चालला.

तो खेळ मोडला कसा, हे आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं असं मला वाटतं. २००१ मध्ये पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मेनिंजायटिस लस प्रकल्प सुरू केला. पैसा गेट्स फाउंडेशनचा, सात कोटी डॉलर. प्रमुख डॉ. मार्क लाफोर्स. त्यांनी आधी आफ्रिकी देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं, तुम्हाला काय हवं? उत्तर स्पष्ट होतं: आम्हाला परवडणार नाही अशी लस बनवूच नका. एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत हवी. म्हणजे इथे किंमत आधी ठरली आणि लस नंतर जन्मली. शर्करा प्रथिनाला जोडण्याचं तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतल्या कार्ल फ्रॅश आणि रॉबर्ट ली यांचं, आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे डॉ. सुरेश जाधवांसारख्या मंडळींनी हे काम वर्षानुवर्षं रेटलं. डोसची किंमत ४० सेंटच्या आसपास आली, तेव्हाच्या हिशेबाने अठरा-वीस रुपये.

६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत 'मेनआफ्रिव्हॅक' या लशीची मोहीम सुरू झाली. ती फक्त 'ए' प्रकारावरची लस होती. दहा दिवसांत एक कोटी दहा लाखांहून जास्त लोकांना टोचलं. एक ते २९ वर्षांचे सगळे, आजारी असोत वा नसोत, त्या वर्षी साथ आलेली असो वा नसो. महिना डिसेंबर होता. हरमॅटन नुकता सुरू होत होता. या लेखातलं माझं सगळं म्हणणं त्या महिन्यात आहे.

परिणाम लगेच दिसले. चाडमध्ये २०१२ मध्ये लस मिळालेल्या भागांत मेनिंजायटिसचं प्रमाण न मिळालेल्या भागांपेक्षा ९४ टक्क्यांनी कमी निघालं, आणि 'ए' प्रकारचा जंतू घशांतूनही जवळजवळ नाहीसा झाला. ज्यांना टोचलं नव्हतं त्यांनाही आडोसा मिळाला. बेनिनच्या बानिकोआरा जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी हीच लस बर्फाशिवाय नेली, कारण ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस ती टिकते हे सिद्ध करून तशी परवानगी मिळवली गेली होती. बर्फाचे डबे गोठवणं, बदलणं, रोज संध्याकाळी शीतपेटीपर्यंत माघारी येणं, यात किती वेळ जातो ते पल्स पोलिओच्या बूथवर बसलेल्या आपल्या कुठल्याही अंगणवाडी ताईंना विचारा. पुढच्या काही वर्षांत तीस कोटींहून जास्त लोकांना ही लस मिळाली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए'चा प्रयोगशाळेत सिद्ध झालेला एकही रुग्ण नोंदलेला नाही. शंभर वर्षं आफ्रिकेला पछाडणारा जंतू सात वर्षांत हटला.

मग २०२४ मध्ये नायजेरियातली मुलं कशाने गेली? 'सी'ने.

'ए' हटत होता त्याच काळात वायव्य नायजेरियात 'सी' प्रकाराचा एक नवा वाण उभा राहिला. मूळचा हा जंतू घशात निमूट राहणारा, निरुपद्रवी. त्याने दुसऱ्या जंतूकडून वेष्टणाची जनुकं मिळवली आणि मारक झाला. २०१३ पासून नायजेरियात, मग २०१५ मध्ये शेजारच्या नायजरमध्ये साडेआठ हजार रुग्ण. राजधानी नियामेत शाळा बंद कराव्या लागल्या. 'सी'वर चालणारी पुरेशी लस तेव्हा जगाच्या साठ्यात नव्हती. २०१६-१७ मध्ये नायजेरियात साडेचौदा हजार संशयित रुग्ण आणि अकराशेहून जास्त मृत्यू. सर्वांत जास्त होरपळलं ते झमफारा राज्य. तिथे रोग डिसेंबरमध्येच दिसला होता, लस पोहोचली एप्रिलमध्ये. राज्याच्या गव्हर्नरांनी सांगितलं की हा लोकांच्या व्यभिचारावर देवाने पाठवलेला कोप आहे. कानोच्या अमीरांनी, म्हणजे त्या प्रदेशातल्या एका मोठ्या मुस्लिम धर्मप्रमुखांनीच, त्यांना जाहीरपणे फटकारलं: लस नसेल तर नाही म्हणून सांगा आणि जाऊन आणा. ते वाचलं तेव्हा मला आमच्या वॉर्डातल्या मावशी आठवल्या. विज्ञानाची बाजू नेहमी पांढऱ्या कोटातलंच माणूस लावून धरतं असं नाही.

लस उशिरा का पोहोचते, हे समजून घेतलं पाहिजे, कारण यात कुणी आळशी अधिकारी शोधून भागत नाही. १९९७ पासून साथींसाठी लशीचा जागतिक साठा ठेवणारा एक आंतरराष्ट्रीय समन्वय गट आहे. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रेड क्रॉस आणि एमएसएफ ही डॉक्टरांची स्वयंसेवी संघटना त्यात आहेत. माणसं मनापासून काम करतात, पूर्ण माहितीनिशी अर्ज आला की दोन दिवसांत निर्णय देतात. पण त्या अर्जाआधी काय काय घडावं लागतं ते पाहा. लाखामागे आठवड्याला तीन रुग्ण झाले की सावधानतेची रेषा ओलांडली जाते. दहा झाले की साथ. ते मोजायला खेड्यातलं आरोग्यकेंद्र रोजच्या रोज नोंदी पाठवणारं हवं. मग काही रुग्णांच्या पाठीतलं पाणी काढायला हवं, कारण कुठला प्रकार आहे हे कळल्याशिवाय कुठली लस द्यायची ते ठरत नाही. ते पाणी काढणारा हात हवा, सुई हवी, परवानगी देणारा बाप हवा. नमुना खास बाटलीत घालून दूरच्या प्रयोगशाळेत जायला हवा. मग अर्ज, मंजुरी, विमान, शीतगृह, ट्रक, टोचणाऱ्यांचं प्रशिक्षण. सगळं सुरळीत झालं तरी काही आठवडे जातात. एका जिल्ह्यातली साथ तेवढ्याच आठवड्यांत शिखर गाठून उतरायला लागते. शेवटच्या काही मुलांना लस नक्की वाचवते, म्हणून ती द्यायलाच हवी. पण या यंत्रणेची रचनाच अशी आहे की काही माणसं मेल्याशिवाय तिचं चाक फिरत नाही. लाखामागे दहा ही साथीची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येत बसण्यासाठी दहा घरांत रोग शिरावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: पाच-प्रकारी लस साठ्यातून साथीला देण्याची वस्तू म्हणून वापरणं थांबवा आणि २०१० सारखी आधी द्या. हे माझं एकटीचं स्वप्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या लसतज्ज्ञांनीच शिफारस केलेली आहे की पट्ट्यातल्या सगळ्या देशांनी ती नऊ ते अठरा महिन्यांच्या बाळांच्या नेहमीच्या वेळापत्रकात घ्यावी, आणि जास्त धोक्याच्या भागांत सुरुवातीलाच एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांना एकदा टोचावं. २०३० पर्यंत मेनिंजायटिसच्या साथी संपवण्याचा आराखडा जागतिक आरोग्य सभेने २०२० मध्ये मंजूरही केला. लस आहे, शिफारस आहे, आराखडा आहे. अडलंय ते पैशावर आणि निश्चयावर.

पैशाचं चित्र वाईट आहे. गरीब देशांना लसी पुरवणाऱ्या 'गावी' या संस्थेला २०२६ ते २०३० या पाच वर्षांसाठी ११.९ अब्ज डॉलर हवे होते. जून २०२५ च्या ब्रुसेल्स परिषदेत नऊ अब्जांहून थोडे जास्त जमले, आणि 'गावी' लोकांचा विश्वास परत मिळवेपर्यंत आणखी पैसे देणार नाही असं अमेरिकेने जाहीर केलं. तुटवडा पडला की आधी कात्री कुठे लागते? जो आजार या वर्षी दिसत नाही तिथे. मेनिंजायटिसची हीच अडचण आहे. तो दरवर्षी सारखा येत नाही. पाच-सात वर्षं शांत जातात, अर्थमंत्री हात आखडता घेतो, मग एका जानेवारीत झमफारा होतं.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण तो आफ्रिकेतल्याच डॉक्टरांकडूनही येतो. हिवतापाने आणि गोवराने तिथे कितीतरी जास्त मुलं मरतात. मोजका पैसा तिकडे का नको? हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. हिवतापाच्या मच्छरदाण्या काढून मेनिंजायटिसची लस घ्या, असं मी कधीच म्हणणार नाही. पण मेनिंजायटिसची साथ आली की तीच नर्स, तीच जीप, तोच जिल्हा आरोग्य अधिकारी सगळं सोडून तिच्यामागे धावतो. गोवराचं लसीकरण त्या महिन्यांत थांबतं. आणि घराचं काय होतं? बुर्किना फासोतल्या २००६-०७ च्या साथीत एका रुग्णामागे कुटुंबाचे सरासरी ९० डॉलर गेले. तिथल्या दरडोई वार्षिक उत्पन्नाचा तो तिसरा हिस्सा होता. मूल बहिरं किंवा अपंग झालं तर आणखी दीडशे डॉलरांपर्यंत. म्हणजे बकऱ्या विकल्या, बियाणं विकलं. एका टोचणीने जे वाचतं ते फक्त मृत्यूंच्या रकान्यात शोधू नये.

दुसरा आक्षेप: 'ए' घालवला तर 'सी' आला, उद्या पाचही घालवले तर सहावा येईल. ऐकायला पटतं. पण 'ए'ने रिकामी केलेली जागा 'सी'ने घेतली, असा पुरावा नाही. 'सी'चा तो वाण स्वतःच्या वाटेने, जनुकं उचलून मारक झाला. आणि समजा उद्या नवं काही उगवलंच, तरी आजच्या पाच प्रकारांनी मरणाऱ्यांना त्यासाठी ताटकळत ठेवायचं हा न्याय मला कळत नाही.

मधला मार्ग म्हणून एक उपाय पुढे येतो: साथ आलेल्या गावात प्रत्येकाला सिप्रोफ्लॉक्सासिनची एक गोळी. नायजरच्या मादारून्फा जिल्ह्यात २०१७ मध्ये हे करून पाहिलं गेलं आणि गावभर गोळी दिलेल्या ठिकाणी रोगाचं प्रमाण साठ टक्क्यांनी घटलं. लस पोहोचेपर्यंतच्या आठवड्यांत ही गोळी खरंच जीव वाचवील. पण गावोगाव अँटिबायोटिक वाटण्याची किंमत आपण भारतात चांगली ओळखतो. जिथे टायफॉइडला सिप्रो लागू पडणं कधीच थांबलं, त्या देशातली डॉक्टर म्हणून मी या उपायाकडे आशेने कमी आणि धास्तीने जास्त पाहते.

विश्वासाचा मुद्दा मात्र पैशाइतकाच जड आहे. १९९६ च्या त्या महाभयंकर साथीत कानोच्या संसर्गजन्य रोग रुग्णालयात फायझर कंपनीने ट्रोव्हाफ्लॉक्सासिन या नव्या अँटिबायोटिकची चाचणी घेतली. दोनशे मुलं. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना जुनं. अकरा मुलं गेली. पालकांना हा प्रयोग आहे हे नीट सांगितलंच नव्हतं, असा आरोप झाला. कंपनीने तो नाकारला, मृत्यू आजारामुळे झाले असं म्हटलं, आणि वर्षानुवर्षांच्या खटल्यानंतर २००९ मध्ये कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरचा समझोता केला. पण त्याआधीच २००३ मध्ये कानोसह उत्तरेतल्या राज्यांनी पोलिओची लस नाकारली होती आणि नायजेरियातून पोलिओ इतर देशांत पसरला. साथीच्या गोंधळात माणसांना गृहीत धरलं की त्याची वसुली पुढच्या पिढीच्या लसीवर होते. तो विश्वास परत मिळवायला सोकोतोच्या सुलतानांसारखे पारंपरिक प्रमुख, इमाम आणि घरोघर फिरणाऱ्या हजारो बायका लागल्या. २०२० मध्ये आफ्रिका नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाली ती त्यांच्यामुळे. आधी लस देण्याच्या बाजूचं हेही एक कारण आहे. घाबरलेल्या गावात, कबरी खणल्या जात असताना, समजावून सांगायला कुणाला सवड नसते. शांत डिसेंबरमध्ये ती असते.

आता आपल्याविषयी. ही पाच-प्रकारी लस बनवणारा कारखाना जगात एकच आहे, आणि तो आपल्या शहरात आहे. अभिमानासोबत ही जोखीमही आपलीच. २०२१ च्या वसंतात कोविडची दुसरी लाट आली तेव्हा भारताने कोव्हिशील्डची निर्यात थांबवली. आपली माणसं ऑक्सिजनविना तडफडत होती, त्यामुळे तो निर्णय मला समजतो. पण त्या दिवसांत पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट पाहणारे आफ्रिकेतले आरोग्यसेवक ताटकळले, हेही खरं. एकाच दारावर २६ देशांनी उभं राहायचं आणि ते दार आपल्या अडचणीत बंद व्हायचं, हे पुन्हा होता कामा नये. आफ्रिकेत या लशीचं उत्पादन व्हावं यासाठी तंत्रज्ञान देण्याची तयारी भारताने स्वतःहून दाखवावी. पुण्याचं महत्त्व त्याने कमी होणार नाही.

आणि आजार तिकडचा आहे असं समजून आपण स्वस्थ राहू नये. दिल्लीने १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये मेनिंगोकॉकसच्या साथी पाहिल्या आहेत, मेघालय आणि त्रिपुराने २००८-०९ मध्ये. महाराष्ट्राशी त्याचा सगळ्यांत जवळचा धागा हजचा आहे. १९८७ च्या हजनंतर यात्रेकरूंसोबत 'ए'ची साथ अनेक देशांत गेली आणि सौदी अरेबियाने लस सक्तीची केली. २००० मध्ये 'डब्ल्यू'ची साथ तशीच पसरली तेव्हा चार प्रकारांची लस सक्तीची झाली. हज कमिटीतर्फे जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंना ती शिबिरात टोचली जाते आणि कार्डावर शिक्का मिळतो. उमराहला, म्हणजे वर्षभरात केव्हाही करता येणाऱ्या मक्केच्या यात्रेला, जाणाऱ्यांचं तसं होत नाही. नियम आहे, तपासणी ढिली आहे. २०२४ मध्ये अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये उमराहशी जोडलेले बारा रुग्ण सापडले. दहा यात्रेकरू, दोघं त्यांच्या घरातली किंवा निकटची. ज्या नऊ जणांची माहिती मिळाली त्यांपैकी एकानेही लस घेतली नव्हती. मुंबईतून, भिवंडीतून, मालेगावातून टूरवाल्यांमार्फत वर्षभर लोक उमराहला जातात, त्यांत आजी-आजोबा असतात, परतल्यावर नातवंडांना जवळ घेतात. व्हिसाच्या कागदांबरोबर लशीचं प्रमाणपत्र पाहायचं, ते निदान दहा दिवस आधीचं हवं, एवढं टूरवाल्यांना बंधनकारक करायला कुठला मोठा कायदा लागत नाही.

२०२५ च्या हंगामातही वायव्य नायजेरियात, केब्बी, सोकोतो, कात्सिनात, तेच झालं. पुन्हा शेकडो रुग्ण, पुन्हा मृत्यू, पुन्हा साठ्यातून निघालेली लस. शुक्रवारची नमाज आणि आठवडी बाजार अशा जिथे माणसं आपसूक जमतात त्या ठिकाणी टोचणी ठेवता येईल. देशभराची मोहीम दहा दिवसांत उरकता येते, हे बुर्किना फासोने दाखवलेलं आहे. हरमॅटन डिसेंबरमध्ये सुटतो. दंडात उतरलेल्या लशीला संरक्षण उभं करायला दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे पुण्यातून पेट्या सप्टेंबरमध्ये निघायला हव्यात, ऑक्टोबरमध्ये कानो आणि नियामेच्या शीतगृहांत असायला हव्यात, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रिकाम्या व्हायला हव्यात.